डावं म्हणजे त्यांचं उजवं

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी
सागर विहारात आम्ही अकरा जण जमलो, साडेसहाला,
चपला नेहमीसारख्या कठड्याजवळ.
पुढची एक फरशी रिकामी.
ती इतरांपेक्षा झिजलेली आहे, हे आजच दिसलं.
इतकी वर्षं तिच्यावर पाय होते.

हसुराम म्हात्रे, राहणार जुहूगाव.
मिठागरात वाढलेले, पुढे जहाजावर फिटर.
तैवानच्या कुठल्याशा बंदरात जहाज पाच महिने अडकलं
तेव्हा धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्याकडून
उचलून आणलेली ही विद्या.
दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.
‘बरा झाला,’ म्हणायचे, ‘नायतं बोलतच बसलो असतो.’

‘ताई ची? कुणाच्या ताईची?’
पहिल्या दिवशी वाघमोड्यांनी विचारलं होतं,
मसाला मार्केटात पोती वाहून पाठ घालवलेले वाघमोडे.
हसले फक्त सर.

पुस्तकांत म्हणे ढगांचे हात असतात,
चिमणीची शेपटी, घोड्याची आयाळ.
सरांकडे एकच होतं: मीठ ओढणं.
लांब दांड्याची फळी कोंडीत सोडायची
आणि आणायची अंगाकडे, सावकाश,
वरचं पाणी न ढवळता.
‘पानी ढकलाचा नय. त्याला जावाला वाट देवाची.’

मला हे कळायला चार वर्षं लागली.
टेलिफोन एक्सचेंजात तेहेतीस वर्षं
लोकांना लोकांशी जोडता जोडता ताठलेली माझी मान,
आणि मी सगळं ढकलतच आलेली:
दारं, तारखा,
नवऱ्याचं शेवटचं आजारपणसुद्धा.

त्यांच्या मिठागरावर आता सेक्टर आहे.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून भाऊ कोर्टात गेले,
हे गेले नाहीत.
कुणी तो विषय काढला
की वजन हळूच मागच्या पायावर घ्यायचे,
खरोखरच घ्यायचे, आम्ही पाहिलंय.

‘तुम्ही जुन्या, तुम्ही उभ्या राहा,’ पिल्लेबाई म्हणाल्या.
राहिले. त्या फरशीवर नाही, जरा बाजूला.
डावा पाय टाकला, नेहमीचा,
आणि समोर गोंधळ.
कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे,
वाघमोड्यांचा कोपर पिल्लेबाईंच्या चष्म्याला.

तेव्हा कुठे लक्षात आलं.
सोळा वर्षं रोज सकाळी
तो माणूस आमच्यासाठी उलटा हलत होता.
आमचं डावं म्हणजे त्यांचं उजवं.
आम्ही आरशात पाहावं तसं त्यांना पाहिलं
आणि आरशाला काय लागतं
हे कधी विचारलं नाही.

काल वनाबाई म्हणाल्या होत्या,
‘राती ओट्यासमोर करीत, भांडी झाल्यावं.
पन येगलाच दिसं. मना वाटं, इसराला लागले.’
मी मान हलवली होती, न कळता.
विसरत नव्हते हो, वनाबाई.
तेवढंच काय ते सुलटं.

पारसिकच्या डोंगरावर सूर्य आला.
थेट माझ्या डोळ्यांत.
खाडी माझ्या पाठीला,
पूल पाठीला, चिखलातले ते गुलाबी पक्षी पाठीला;
जे जे आम्ही इतकी वर्षं त्यांच्या खांद्यावरून पाहिलं
ते सगळं त्यांच्या पाठीमागे होतं.
त्यांच्या वाट्याला आम्ही:
थरथरते गुडघे, मेंदी उतरलेले केस,
कुणाचा तरी उलटा घातलेला स्वेटर.
आणि हे ऊन.

डोळे बारीक झाले, गाल आपोआप वर गेले.
म्हणजे ते हसू,
ज्याच्या भरवशावर मी थंडीतही घराबाहेर पडायचे,
ते निव्वळ ऊनच असेल कदाचित.
किंवा उन्हाच्या आडोशाने खरंच हसत असतील.
नाव हसुराम. काय सांगावं.

‘बाई, हसताय कशाला?’ वाघमोडे.

वजन मागच्या पायावर घेतलं.
‘डावा पाय,’ म्हटलं,
आणि उजवा उचलला.